चौदाव्या दिवसाची गोळी: लालबागच्या एका दवाखान्यातलं मलेरियाचं प्रकरण

नवरात्रीच्या नऊ दिवसांत माझ्याकडे मलेरियाचे तीन पेशंट आले. एक पुन्हा आलेला, एक पुन्हा पुन्हा आजारी पडणारा आणि एक नवी. तिघंही शंभर-दीडशे पावलांच्या टापूत राहणारे. उपचार कसे करायचे हे सांगणारा तक्ता माझ्या दवाखान्यात होता, मला तो तोंडपाठही होता. तरीही हे झालं. कुठे कुठे निसटलं, ते जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या मित्रांसाठी लिहून ठेवतो आहे. पेशंटची ओळख पटू नये म्हणून वयं, कामधंदे आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

दवाखाना चाळीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात. एका अंगाला चार मजली चाळी, दुसऱ्या अंगाला गिरणीच्या जागेवर उभे राहत असलेले दोन टॉवर. चाळीत पाणी पहाटे थोडा वेळ येतं, म्हणून घरात पिंप आणि गच्चीवर टाक्या. टॉवरच्या कामावर स्लॅबला पाणी मारतात, लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं.

शहरात मलेरिया पसरवणारा डास अॅनॉफिलिस स्टीफेन्साय. त्याला गटार चालत नाही, स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. डॉ. बेंटली यांनी १९११मध्ये मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला तेव्हा बोट विहिरींकडे होतं. पुढे विहिरी बुजल्या, पाणी गच्चीवर गेलं आणि डासही जिना चढून वर गेला. आमच्याकडे आजही कुणाला मलेरिया झाला की लोक नाल्याकडे बघतात. वर कुणी बघत नाही.

मुंबईत मलेरियाचा जास्त दिसतो तो प्रकार म्हणजे व्हायवॅक्स. तो एरवी फाल्सिपेरम या दुसऱ्या प्रकाराइतका जीवघेणा नाही, पण चिवट आहे. रक्तातले जंतू मेले तरी त्याची काही पिल्लं यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी उठतात. रक्तातल्या जंतूंसाठी क्लोरोक्विन, तीन दिवस. यकृतातल्या झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन, मोठ्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवस.

मी नव्वदच्या दशकात एमबीबीएस झालो. तेव्हा राष्ट्रीय कार्यक्रमातच प्रायमाक्विन पाच दिवस होतं आणि आम्ही तेच घोकलं. पाच दिवसांनी व्हायवॅक्सचं उलटणं थांबत नाही, हे पुढे मुंबईतच झालेल्या अभ्यासातही दिसलं आणि चौदा दिवस आले. मी बदललो, पण आमच्या पिढीतल्या अनेकांच्या हातात पाच हाच आकडा अजून बसलेला आहे. चिठ्ठ्या बघितल्या की कळतं.

दर पावसाळ्याच्या तोंडाशी पालिकेच्या आरोग्य खात्याकडून सूचना येतात. उपचारांचा वयाप्रमाणे तक्ता मी दाराच्या मागे चिकटवला होता. त्यावर नंतर एका औषध कंपनीचं कॅलेंडर टांगलं गेलं. कुणी टांगलं, तर मीच.

ऑगस्टमध्ये काय झालं

चाळीतला चोवीस वर्षांचा मुलगा, दुचाकीवरून पार्सलं पोचवायचं काम करणारा. गणपती आठवड्यावर आलेले. एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप, मग दरदरून घाम. त्याला मी शाळेच्या गणवेशात असल्यापासून ओळखतो. आईला वाटत होतं डेंग्यू असेल, कारण चाळीत कुणाच्या तरी "पेशी कमी झाल्या" होत्या. स्मिअर केला, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून तपासला. व्हायवॅक्स निघाला. प्लेटलेट याच्याही नव्वद हजारांवर उतरल्या होत्या. मलेरियात त्या उतरतातच, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. पपईच्या पानांचा रस तरीही पाजला गेला असणार.

क्लोरोक्विन लिहिलं, तीन दिवसांत चार-चार-दोन गोळ्या. प्रायमाक्विन लिहिलं, १५ मिलिग्रॅम, दुपारी जेवणानंतर, १४ दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्याच्या आईने येता-जाता दारातून हात केला, "बरा आहे हो डॉक्टर." मी वहीत त्याच्या नावापुढे टिक केली. वॉर्डाच्या आरोग्य खात्याला कळवलं नाही. एकच तर केस आहे, लॅबवाला कळवेलच, असं मनाशी म्हटलं असावं. खरं कारण एवढंच की त्या आठवड्यात दवाखाना रात्री अकराला बंद होत होता.

नवरात्रात तिघं

सहा आठवड्यांनी तोच मुलगा तोच ताप घेऊन आला. सोबत वडील. ते सहसा दवाखान्यात येत नाहीत. आले म्हणजे काही तरी म्हणायचं आहे. "डॉक्टर, ते गोळ्याबिळ्या राहू द्या. आता जरा स्ट्राँग काय ते द्या. इंजेक्शन द्या."

दोन दिवसांनी टॉवरच्या कामावरचा सेंट्रिंगचा कामगार आला, तिशीतला, जालन्याकडचा. मुकादम त्याला घेऊन आला होता. जूनपासून हा चौथा ताप. आधीच्या प्रत्येक वेळी वेगळा डॉक्टर, प्रत्येक वेळी तीन दिवस दंडात इंजेक्शन. खिशातून घामाने विरघळत आलेली लॅबची चिठ्ठी काढली. तिच्यावर एवढंच होतं, "एमपी पॉझिटिव्ह". मलेरिया आहे, पण कोणता ते लिहिलेलंच नाही. आणि कोणता हे कळल्याशिवाय पुढचा उपचार ठरत नाही.

अष्टमीला चाळीतलीच, त्या मुलाच्या दोन खोल्या पलीकडे राहणारी सव्वीस वर्षांची सून आली. पाचवा महिना. तिला पहिल्यांदाच. स्मिअरमध्ये व्हायवॅक्स.

प्रश्न नेमका काय होता

त्या रात्री शटर खाली ओढून तिघांची पानं समोर घेऊन बसलो. डोक्यात पहिलं जे आलं ते प्रामाणिकपणे सांगतो: क्लोरोक्विन लागू पडत नाहीसं झालं की काय? त्याच आठवड्यात एका औषध कंपनीचा एमआर आर्टिथर या मलेरियावरच्या इंजेक्शनचे नमुने ठेवून गेला होता. आसपासचे दोन-तीन डॉक्टर तेच देतात. इंजेक्शन दिलं की पेशंटला काही तरी केल्यासारखं वाटतं, पैसेही बरे मिळतात. आणि वडिलांचा तो "स्ट्राँग" शब्द कानात होता.

पण आकडे तसं म्हणत नव्हते. मुलाचा ताप ऑगस्टमध्ये दोन दिवसांत उतरला होता. औषध फसलं असतं तर जंतू चार आठवड्यांच्या आतच पुन्हा दिसायला हवे होते. हा सहा आठवड्यांनी आला होता. म्हणजे दोनच शक्यता: नवा डास चावला, किंवा यकृतातले उठले. दोन्हींत क्लोरोक्विनचा दोष नाही. आणि इंजेक्शनाने यकृतातल्यांचं काहीच वाकडं होत नाही. कामगाराची कथा तर याचा पुरावाच होती. तीनदा इंजेक्शनं झाली, तीनदा ताप उतरला आणि पुन्हा पुन्हा आला.

मग प्रश्न औषधाचा नव्हता, चौथ्या ते चौदाव्या दिवसाचा होता. तीन दिवस ताप असतो तोवर पेशंट आपला असतो. ताप उतरला की तो त्याच्या कामाचा, घराचा, गावाचा होतो. नेमके तेव्हाच या आजारातले महत्त्वाचे अकरा दिवस सुरू होतात, आणि तेव्हा तिथे कुणीच नसतं.

पहिला निर्णय: विचारायचं कसं

"गोळ्या पूर्ण घेतल्यास ना रे?" असं विचारलं असतं तर "हो" आलं असतं. वडील शेजारी बसलेले असताना दुसरं काय येणार. तीस वर्षांच्या जवळपास प्रॅक्टिस करून एवढं कळलं आहे की गोळ्यांबद्दल हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारायचा नाही. म्हटलं, "घरी जा, ऑगस्टमधलं जे काही उरलंय ते पाकीट घेऊन ये. ओरडणार नाही."

अर्ध्या तासाने तो स्ट्रिप घेऊन आला. देव्हाऱ्याखालच्या खणात होती. तिच्यात आठ गोळ्या शिल्लक. म्हणजे सहा घेतल्या, सातव्या दिवशी रातराणीने संगमेश्वरला गेला, गणपतीला, आणि स्ट्रिप खणातच राहिली. गावी आठवणही झाली नाही, कारण ताप नव्हता आणि आरत्या, भजनं, विसर्जन होतं. चाकरमानी गणपतीला गावी जाणार हे लालबागमध्ये बसून मला ठाऊक नसावं? त्याला गोळ्या लिहून देताना भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थी दिसत होती. त्या कॅलेंडरामागे तो तक्ता होता.

पण स्ट्रिप उलटी करून बघितली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. ही मला जास्त लागली. गोळी ७.५ मिलिग्रॅमची होती. मी लिहिलं होतं १५. केमिस्टकडे १५ची नव्हती, त्याने ७.५ची दिली, चिठ्ठीवर १४ दिवस वाचून १४ गोळ्या कापून दिल्या. रोज दोन घ्यायच्या हे सांगायचं राहिलं. म्हणजे त्याच्या पोटात एकूण ४५ मिलिग्रॅम गेलं होतं. जायला हवं होतं २१०.

केमिस्टवर चिडणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या काउंटरवर गेलो तेव्हा त्याने माझ्याच चिठ्ठीचा फोटो दाखवला, त्याच्या मोबाइलमध्ये होता. माझ्या अक्षरातला १५चा ५ हा कुणालाही कशाचाही वाटला असता. शिवाय "१४" हा आकडा ठळक, खाली रेघ मारलेला. त्याने ठळक दिसणारं वाचलं.

दुसरा निर्णय: पुन्हा तेच औषध, की तपासणी आधी

प्रायमाक्विनची एक बाजू मी आजवर सहजपणे घेत आलो होतो. काही जणांच्या रक्तपेशींमध्ये जी६पीडी हे एन्झाइम कमी असतं. त्यांना प्रायमाक्विन दिलं की तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते, कावीळ दिसते, हिमोग्लोबिन घसरतं. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि पुरुषांत जास्त उघडा पडतो. मुंबईत पारशी आणि आणखी काही समाजांत तो अधिक आढळतो, पण आडनाव बघून निदान होत नाही.

पर्याय असे होते. दोन्ही पुरुषांची जी६पीडी चाचणी आधी करायची. आमच्या लॅबकडून अहवाल यायला तीन दिवस लागत आणि पैसे लागत. कामगाराच्या दीड दिवसाच्या मजुरीएवढे. किंवा चाचणीशिवाय सुरू करायचं आणि लघवीच्या रंगावर लक्ष ठेवायला सांगायचं. बहुतेक दवाखान्यांत हेच चालतं. किंवा प्रायमाक्विन द्यायचंच नाही आणि पुढच्या तापाची वाट बघायची. हा तिसरा पर्याय कागदावर हास्यास्पद वाटतो, पण प्रत्यक्षात कामगाराच्या बाबतीत तीन डॉक्टरांनी न ठरवता हाच निवडला होता.

मुलाची चाचणी वडिलांनी लगेच करून घेतली, नॉर्मल आली. कामगाराच्या बाबतीत मी तडजोड केली. तो उद्या कामावर जाणार, परवा दुसऱ्या साइटवर गेला तर हातचा जाईल, ही भीती होती. स्मिअर पुन्हा काढून व्हायवॅक्सची खात्री केली, क्लोरोक्विन दिलं आणि प्रायमाक्विनही त्याच दिवशी सुरू केलं. लघवी काळी झाली तर गोळी बंद करून लगेच या, हे सांगितलं.

सांगितलं मुकादमाला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मुकादमाचा फोन आला. "डॉक्टर, त्याला कोऱ्या चहासारखी लघवी होतेय. कालपासून. मी म्हटलं उष्णता झाली असेल, पाणी पी." एक आख्खा दिवस आणि एक जास्तीची गोळी. रिक्षातून बोलावलं. डोळे पिवळे, धाप लागलेली. तसाच पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात पाठवला, चिठ्ठीवर प्रायमाक्विनचे दिवस आणि डोस सुटा सुटा लिहून. हिमोग्लोबिन साडेसातवर आलं होतं. जी६पीडी कमी निघालं. सलाइन, लघवीवर लक्ष, रक्त चढवायची तयारी. ते चढवावं लागलं नाही. पाचव्या दिवशी घरी सोडलं. घर म्हणजे साइटवरची पत्र्याची खोली.

मी दवाखान्यात जे बोलतो ते पेशंटपर्यंत पोचतं, हे मी गृहीत धरलं होतं. तो मराठीच बोलत होता, माझ्यासमोर बसला होता. मी मात्र त्याला घेऊन आलेल्या माणसाशी बोललो, कारण फोन नंबर मुकादमाचा होता, पैसे मुकादम देत होता. हे अजून खुपतं.

तिसरा निर्णय: गरोदर बाईचं काय

इथे मार्गदर्शन स्पष्ट आहे आणि म्हणून हा भाग लवकर संपला. गरोदरपणात प्रायमाक्विन द्यायचं नाही, पोटातल्या बाळाच्या जी६पीडीचा पत्ता नसतो. क्लोरोक्विन देता येतं, दिलं. यकृतातल्यांचा हिशेब बाळंतपणानंतर. तिच्या सासूला हे विचित्र वाटलं, "म्हणजे अर्धंच औषध?" मी म्हटलं, "काकू, अर्धं आत्ता, अर्धं नंतर. मध्ये ताप आला तर कुठल्याही डॉक्टरकडे जा, पण आधी रक्ताचा थेंब तपासायला सांगा." तिच्या प्रसूतिगृहाच्या कार्डावर लाल पेनने लिहिलं: व्हायवॅक्स झाला होता, प्रायमाक्विन बाकी. माझ्या वहीतही.

चौथा निर्णय: कळवायचं की नाही

कळवणं कायद्याने बंधनकारक आहे का, यावर आमच्या डॉक्टरांच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं वाद चालतो. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८च्या कायद्यात घातक आजाराची खबर डॉक्टरने देण्याचं कलम आहे, ४२१. पण प्रॅक्टिसमध्ये अडतं ते वेगळ्या ठिकाणी. "डॉक्टरने नाव दिलं" असं चाळीत झालं की पेशंट तुटतात. साइटचं नाव दिलं तर बिल्डरचा माणूस येऊन बसतो. दोन्ही मी पूर्वी भोगलं होतं.

या वेळी फोन केला, कारण तिघं एका टापूतले होते आणि तिघांतली एक गरोदर होती. दुसऱ्या सकाळी वॉर्डाच्या कीटकनाशक खात्याचे दोन कामगार आणि एक तपासनीस आले. मी मनातून साइटवर नेम धरला होता. लिफ्टच्या खड्ड्यात अळ्या मिळाल्याही. पण तपासनीसाने चाळीच्या गच्चीवर जायचं म्हटलं. टाकीला शिडी नव्हती. कामगाराने शेजारच्या खिडकीच्या सज्जावरून चढून झाकण सरकवलं. झाकण म्हणजे फाटलेलं ताडपत्रीचं कापड आणि वर चार विटा. खाली डबा बुडवला, वर काढला आणि टॉर्च मारून मला दाखवला. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या अळ्या. अॅनॉफिलिसच्या अळ्या अशाच पडतात. बाकीच्या डासांच्या तिरक्या लटकतात. कॉलेजात चित्र काढून मार्क मिळवले होते, जिवंत बघितल्या त्या दिवशी पहिल्यांदा.

ती टाकी माझ्या दवाखान्याच्या बरोबर वर आहे.

झाकण तुटून दोन वर्षं झाली होती. खर्च चाळ कमिटीने करायचा की पुनर्विकास होणारच आहे म्हणून थांबायचं, यावर सभा होत होत्या. डासांची पैदास होऊ दिल्याबद्दल त्याच कायद्याच्या कलम ३८१ची नोटीस साइटलाही गेली आणि चाळीलाही. चाळीतल्या काही लोकांनी मला आठवडाभर नमस्कार केला नाही.

पुढे काय केलं

चौदा दिवसांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. रोज दवाखान्यात येऊन गोळी घ्या म्हणणं या माणसांना जमणारं नाही. पार्सलवाल्याची एक फेरी चुकली की पैसे कापतात. आरोग्य खात्याच्या स्वयंसेविकेने आठवड्यातून दोनदा घरी जायचं कबूल केलं. ती चाळीत आधीपासूनच जात होती. बाकी घरावर सोपवलं.

मुलासाठी साध्या कार्डावर चौदा चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात दोन ठिपके, म्हणजे ७.५च्या दोन गोळ्या. ते कार्ड फ्रिजच्या दारावर गेलं. रात्रीच्या वरणभातानंतर आईने समोर उभं राहून गोळ्या द्यायच्या आणि ठिपके खोडायचे. रिकाम्या पोटी घेतल्या तर पोटात कळा येतात, आणि कळा आल्या की माणूस स्वतःच गोळी बंद करतो, म्हणून जेवण आधी. गोळ्या मी स्वतः मोजून दिल्या, अठ्ठावीस. आठव्या दिवशी फुकट तपासायला बोलावलं. तो आला. चौदाव्या दिवशी मी फोन केला, तेव्हा तो भायखळ्याच्या पुलाखाली सिग्नलला होता. "आज शेवटची, डॉक्टर. आई विसरू देते का?"

कामगाराच्या बाबतीत रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन सावरल्यावर दुसरा मार्ग घेतला: आठवड्यातून एकदा ४५ मिलिग्रॅम, आठ आठवडे, प्रत्येक डोसनंतर देखरेख. जी६पीडी कमी असणाऱ्यांसाठी हा डोस मान्य आहे, पण लक्ष ठेवूनच. यात आमचा वाटा असा की रविवारी तो दवाखान्यात यायचा, माझ्यासमोर गोळी घ्यायचा आणि बुधवारी लघवी दाखवायला यायचा. पहिल्या दोन डोसना तो घाबरला होता. घाबरणारच. सहाव्या डोसनंतर काम संपलं आणि टोळी कळव्याला गेली. उरलेले दोन डोस तिथल्या पालिकेच्या दवाखान्यात, माझ्या चिठ्ठीवर झाले. या वेळी चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि नंबर त्याच्या स्वतःच्या मोबाइलचा घेतला. तो त्याच्याकडे पहिल्यापासून होता. मी विचारलाच नव्हता.

निष्पत्ती

मुलाला पुढच्या गणपतीपर्यंत ताप आला नाही. त्या गणपतीला जाताना "गोळ्या काही नाहीत ना?" असं विचारून गेला. कामगाराला पुढच्या सहा महिन्यांत ताप नाही. साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत स्वयंसेविकेने तापवाल्यांचे स्मिअर घेतले, त्यात आणखी दोन व्हायवॅक्स निघाले. दोघांनाही पूर्वी ताप येऊन गेलेला, दोघांनाही प्रायमाक्विन कुणी दिलेलं नव्हतं. चाळीत डिसेंबरपर्यंत नवी केस नाही. टाकीच्या झाकणामुळे, की थंडी पडली म्हणून, हे सांगता येत नाही. माझा कल झाकणाकडे आहे.

झाकणाचे पैसे अखेर मंडळाने वर्गणीतून दिले. शिडी कमिटीने बसवली.

आज वेगळं काय करीन

प्रायमाक्विन मिलिग्रॅममध्ये लिहिणं मी बंद केलं आहे. लिहितो ती संख्या: कोणती गोळी, रोज किती, एकूण किती. हे मला तक्त्यातूनच सुचायला हवं होतं, पण दारामागचा तक्ता २.५ मिलिग्रॅमच्या गोळीत हिशेब सांगतो, मोठ्या माणसाला रोज सहा. कारण तो सरकारी पुरवठ्यासाठी केलेला आहे. आमच्या केमिस्टकडे ७.५ आणि कधी १५. तक्ता चुकीचा नाही, तो दुसऱ्या कपाटासाठी आहे. वॉर्डाच्या बैठकीत हे बोललो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लिहून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात आमच्या भागात जे पत्रक आलं त्यात ७.५ची ओळ हाताने घातलेली होती, झेरॉक्समध्ये तिरकी आलेली. मला ती ओळ फार आवडली.

जी६पीडीबद्दल माझं मत बदललं आहे, पण पूर्ण नाही. प्रत्येकाला आधी चाचणी, हे बोलायला सोपं आहे. अहवालासाठी थांबताना पेशंट हातचा गेला तर त्याचा मलेरिया उलटतो. पण क्लोरोक्विनचे तीन दिवस तर मिळतातच. आता रक्त पहिल्याच दिवशी घेतो, क्लोरोक्विन लगेच सुरू करतो आणि प्रायमाक्विन अहवाल आल्यावर. कामगाराच्या वेळी मला ही साधी गोष्ट सुचली नाही, कारण "तो निघून जाईल" एवढंच डोक्यात होतं. एक सावधगिरी: पेशी फुटत असताना किंवा नुकत्याच फुटून गेल्यावर चाचणी खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण म्हाताऱ्या पेशी गेलेल्या आणि ताज्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. लघवी काळी झाली आणि अहवाल नॉर्मल आला, तरी प्रायमाक्विन पुन्हा सुरू करायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

लॅबला सांगून ठेवलं आहे की नुसतं "पॉझिटिव्ह" चालणार नाही, मलेरियाचा प्रकार लिहा. एका लॅबने ऐकलं. दुसरी अजून तशीच चिठ्ठी पाठवते, तिचे पेशंट मी पहिलीकडे पाठवतो.

आणि ऑगस्टमधली ती पहिली केस कळवली असती तर? गच्चीवर सहा आठवडे आधी कुणी चढलं असतं. त्या बाईला मलेरिया झालाच नसता असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, पण सहा आठवड्यांत डासाच्या किती पिढ्या निघतात ते मला माहीत आहे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

ती सून जानेवारीत एकदा ताप घेऊन आली होती. स्मिअर निगेटिव्ह, साधा व्हायरल. बाळंतपणाला माहेरी गेली, परतली तेव्हा बाळ सात महिन्यांचं झालं होतं. सर्दीसाठी त्याला घेऊन आली. प्रसूतिगृहाचं कार्ड माहेरीच राहिलं होतं. माझ्या वहीत मात्र तिच्या नावापुढे टिक नव्हती. तिची आणि बाळाची, दोघांची जी६पीडी चाचणी करून घेतली, दोन्ही नॉर्मल. मग केमिस्टकडून ७.५ची स्ट्रिप मागवली, टेबलावर गोळ्या मोजल्या, अठ्ठावीस, आणि सासूला विचारलं, फ्रिजला लोहचुंबक आहे ना.